जिचं तिनं करायचं नाही

फोलाके सहज बोलून गेली. एका हातात चहाचा कागदी पेला, दुसरा हात पिशवीत चष्मा शोधतोय, आणि चष्मा सापडत नसल्याचा सगळा वैताग आवाजात. "नाही गं एव्ही, ते तुझं नव्हे. ते बर्निसचं. तू करायचीस ना ते? मग तुझं कसं असेल?" मग चष्मा सापडला, तो पिशवीत नव्हताच, डोक्यावर होता, आणि ती स्वतःशी हसत दिव्यांच्या तारांचं काय झालं ते बघायला निघून गेली. तालीम चालली होती त्या चर्चच्या हॉलमध्ये एव्हाडनी मधोमध उभी राहिली. समोर दोन तरुण नट्या मोजे काढून जमिनीवर बसल्या होत्या. आत्ताच, अगदी आत्ताच, तिनं त्यांना बजावलं होतं, की पोरींनो, बाकीचं नाटक तुम्हाला हवं तसं करा, चाळीस वर्षांपूर्वीचं आहे, आम्ही काही बोलणार नाही; पण हा तुकडा जपून करा, ही माझी आई आहे. त्यातली उंच, सदा कपाळाला आठी घातलेली जनेल टक लावून तिच्याकडे बघत होती. दुसरी, इफे, चणीनं लहान, तिनं शहाण्यासारखी मान खाली घातली. "जरा पाय मोकळे करून येते," एव्हाडनी म्हणाली आणि कोटाची बटणं न लावताच बाहेर पडली.

बाहेर लंडनच्या डेटफर्ड भागातला शुक्रवारचा बाजार भरला होता. रताळी, कच्ची केळी, खारवलेला मासा, आणि पलीकडे जुन्या बुटांचा ढीग, ज्यातला जोड जुळवणं हा गिऱ्हाइकाचा प्रश्न. तिला काही घ्यायचं नव्हतं. फोला चुकली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. फोलाला हल्ली स्वतःच्या डोक्यावरचा चष्मा सापडत नाही. पण तो तुकडा तिच्या मनात आपोआप सुरू झाला होता, तो कधीही सुरू व्हायचा, भांडी घासताना, दवाखान्यात नंबर येईपर्यंत बसलेली असताना. गरम हवेच्या बेटावरून इंग्लंडला नुकतीच आलेली एक लहान मुलगी. जानेवारी. थंडी म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलेलं नाही, त्यासाठी तिच्याकडे शब्दच नाही, म्हणून ती म्हणते, पायांना काहीतरी चावतंय. पहाटे रात्रपाळीहून आलेली आई शेजारी आडवी होते, झगा वर करते आणि मुलीचे पाय आपल्या उघड्या पोटावर घेते. आईचा श्वास अडकतो. पण ती पाय सोडत नाही. तिच्या अंगाला फिनेलचा वास येतो, हॉस्पिटलच्या फरशीचा. मुलीला तो वास आवडतो. बस, एवढंच. एव्हाडनी खारवलेल्या माशाच्या गाड्यासमोर थांबली. फिनेल. तिची आई जन्मात कधी हॉस्पिटलात कामाला नव्हती. ती कोटांच्या कारखान्यात होती, पहिल्या दिवसापासून पेन्शनपर्यंत. तिच्या अंगाला लोकरीचा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा वास यायचा. हॉस्पिटलात फरशी पुसायला बर्निसची आई जायची. ही गोष्ट एव्हाडनीला नेहमीच माहीत होती. दोन्ही गोष्टी तिला नेहमीच माहीत होत्या, आणि इतकी वर्षं त्या एकाच घरात राहून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. "बाई, घ्यायचा असेल तर घ्या, नुसतं बघून मासा शिजत नाही," गाडेवाला म्हणाला. ती पुढं सरकली.

बर्निस तिला नाट्यशाळेत भेटली होती. सगळ्या शाळेत काळ्या मुली दोघीच, त्यामुळं मैत्री करायची की नाही हा प्रश्न नव्हता, फक्त मास्तर कोणाला कोणाच्या नावानं हाक मारतील एवढाच प्रश्न होता. सगळी वर्षं एव्हाडनी मोलकरीण झाली आणि बर्निस नर्स, मग बदल म्हणून एव्हाडनी नर्स आणि बर्निस मोलकरीण. शाळा सुटल्यावर टेलिव्हिजनवालेही तेच घेऊन आले. "मला इतक्यांदा नर्सचा डगला चढवलाय," बर्निस म्हणायची, "की आता मी खरंच सुई टोचेन, आणि पहिली या दिग्दर्शकालाच." मग एका सभेत फोलाके भेटली, लागोसची, दिव्यांचं काम शिकलेली, जिला कुठल्याच नाटकगृहात शिडीवर चढू देत नव्हते. तिनं कौन्सिलकडून बंद पडलेलं धुण्याचं घर मिळवलं, जिथं पूर्वी मोहल्ल्यातल्या बायका पैसे भरून कपडे धुवायच्या. दगडी हौद तसेच, भिंतींना ओल, आणि कितीही खिडक्या उघडल्या तरी साबणाचा वास. पत्र्यावर फोलानं रंगानं लिहिलं, वॉशहाउस विमेन. काळ्या बायकांनी लिहिलेलं, काळ्या बायकांनी केलेलं, दिवेसुद्धा काळ्या बाईनं लावलेले असं नाटक या शहरात असावं, इतकीच त्यांची मागणी होती, आणि ती पुष्कळांना उद्धट वाटली. पहिले प्रेक्षक कोण, तर दोन म्हाताऱ्या, गाठोडं घेऊन आलेल्या. धुण्याचं घर बंद झालंय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बर्निसनं त्यांना बसवून घेतलं. नाटक संपल्यावर त्यातली एक म्हणाली, "छान झालं गं पोरी. आता पाणी कधी सोडणार?"

जिचं तिनं करायचं नाही, हा नियम बर्निसचा. तो काही एका बैठकीत ठरला नाही, तो एका फजितीतून निघाला. सुरुवातीच्या एका बाहेरगावच्या खेळात बर्निसनं तिच्या भावाची गोष्ट सांगितली होती, पोलिसांनी रस्त्यात उचलून नेलेल्या भावाची, आणि अर्ध्यावर तिला रडू फुटलं. लोक उठून तिच्याकडे धावले. रुमाल काय, मिठ्या काय, एका बाईनं तर तिला आपल्या घरी जेवायला नेण्याचा घाट घातला. परतताना गाडीत बर्निस खिडकीकडे तोंड करून बसली होती. "त्यांनी मला पाहिलं," ती म्हणाली. "माझ्या भावाला कोणी पाहिलंच नाही." त्या दिवसापासून ठरलं. हौदाच्या काठावर बसायचं, आपल्याकडे काय असेल ते सांगायचं, आणि मग गप्प बसायचं. जिला ते हवंसं वाटेल तिनं म्हणायचं, घेतलं. एकदा घेतलं म्हटलं की ते तिचं. मग 'तसं नव्हतं गं झालं' म्हणायची सोय नाही, 'माझी आई असं बोलायची नाही' म्हणायची सोय नाही. लेक दिली की तिच्या घरातल्या चुलीत फुंकर घालायला जाऊ नये, तशातला प्रकार. कागदावर काही लिहायचं नाही, कारण लिहिलं की कोणाचं ते वर नाव येतं. खेळात मात्र प्रत्येकीनं ठणकावून म्हणायचं, माझी आई, माझा भाऊ, माझं मूल. एका वर्तमानपत्राचा माणूस येऊन गेला आणि त्यानं लिहिलं, प्रामाणिक प्रयत्न. "प्रामाणिक म्हणजे," बर्निसनं समजावून सांगितलं, "बायांना नाटक येत नाही, पण रडणं खरं होतं, असं त्याला म्हणायचंय. आणि गंमत बघ, त्यानं पाहिलेलं एकही रडणं जिचं तिचं नव्हतं."

एव्हाडनी चर्चच्या मागच्या भिंतीशी बाकावर येऊन बसली. तिला हे सगळं आठवत होतं, हा नियम तर ती शाळेतल्या पोरांना नाटक शिकवताना वर्षानुवर्षं कौतुकानं सांगत आली होती. मग तिनं तो स्वतःला का नाही लावला? पाय पोटावर घेण्याचा तुकडा तिनं केला. केला म्हणजे तिचा नव्हे. हिशेब शेंबड्या पोरालाही कळेल असा सरळ होता. पण तो सरळ हिशेब तिच्या पायांना पटत नव्हता. कारण ती मुलगी व्हायची आणि आई व्हायची डॅफ्नी, टोबॅगोची, धिप्पाड, हसली की सगळं अंग हलायचं अशी. आणि खोटं खोटं कुडकुडणं एव्हाडनीला मान्य नव्हतं. आपल्या प्रवेशाआधी ती पडद्यामागं बर्फाच्या पाण्याच्या बादलीत पाय घालून बसायची, पाय बधिर होईपर्यंत. मग धावत जाऊन डॅफ्नीशेजारी आडवं व्हायचं. डॅफ्नी प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात पुटपुटायची, "मेले, मारशील मला एक दिवस," आणि तिचा श्वास खरोखरीच अडकायचा. पाय खरे गार होते. पोट खरं ऊबदार होतं. लीड्स, ब्रिस्टल, खाणकामगारांच्या वस्तीतला तो हॉल, जिथं काळं माणूस प्रथमच आलं होतं आणि तरीही बायकांनी खेळ संपल्यावर जागा सोडली नाही, आपापल्या आयांबद्दल बोलत बसल्या. जिथं म्हणून गाडी गेली तिथं तिथं तिचे पाय त्या पोटावर ठेवले गेले. नाटकातलं सगळं खोटं असतं हे म्हणणाऱ्याला बादलीतल्या पाण्याची काय कल्पना? वरून रोज तोंडानं म्हणायचं, माझी आई. पुढं अनुदान थांबलं, गाडी विकली गेली, डॅफ्नी घरी परत गेली, धुण्याच्या घरात महागडे फ्लॅट झाले. वर्गात शिकवताना एव्हाडनी सुरुवातीला म्हणायची, एक आई असते. मग कधीतरी, नक्की कधी ते तिला सांगता आलं नसतं, ती म्हणू लागली, माझी आई.

आणि यात नुकसान काय, असं कोणी विचारलं असतं तर? नुकसान हे, की तेवढ्या एका गोष्टीवर तिनं आईला माफ केलं होतं. आई तिला पाच वर्षांची असताना आजीजवळ ठेवून इंग्लंडला निघून आली होती. सगळ्यांच्याच आया येत होत्या, त्यात नवल नव्हतं, वाईटही नव्हतं. आठ वर्षांची झाल्यावर तिला बोलावून घेतलं. त्यानंतरच्या आईची आठवण म्हणजे तिची पाठ. मशीनवर वाकलेली पाठ, कारखान्यातून आणलेलं जास्तीचं काम घरी शिवणारी पाठ, 'जेवलीस का' हेसुद्धा भिंतीकडे बघून विचारणारी. दोघींमध्ये कधी मोठं भांडण झालं नाही. भांडायलाही माणसाला समोरासमोर यावं लागतं. मोठेपणी एव्हाडनीला त्या पाठीचा फार राग यायचा, इतका की स्वतःची मुलगी झाली तेव्हा तिनं ती आईच्या हातात द्यायला उशीर केला, आणि तो उशीर आईला कळला. पण मग ती पहाट होती ना. ती थंडी, ते पोट. जिनं एकदा असं पोटाशी धरलं तिला पुढचं सगळं माफ, असं तिनं मनाशी मिटवून टाकलं होतं. आईच्या अंत्यविधीला चर्चमध्ये उभं राहून तिनं तीच गोष्ट सांगितली होती, खणखणीत आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी. बायका हुंदके देत होत्या. आता ती काढून घेतली तर खाली काय उरतं? पाठ उरते. आईला पुन्हा माफ करायला नवीन काही सापडेल असं या वयात तिला वाटत नव्हतं. तिनं भावाला फोन लावला.

लिन्व्हल तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, इथंच जन्मलेला, अर्धं आयुष्य बस चालवून आता बागेत टोमॅटो लावणारा. "लिन्व्हल," ती म्हणाली, "मम्मीनं कधी तुझे पाय पोटावर घेतले होते?"

"कोणी?"

"मम्मीनं. थंडीत."

"आपली मम्मी? सोफ्यावर पाय ठेवला तर झाडूनं झोडायची ती मला. बरी आहेस ना तू? जेवलीस का?"

"चर्चमध्ये मी सांगितलं होतं. आठवतं?"

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. "आठवतं."

"मग तेव्हा काही बोलला नाहीस!"

"काय बोलू? मम्मी समोर पेटीत. मी उठून म्हणू, की थांबा जरा, माझी ताई चुकतेय? आणि चुकतेयस असंही नाही वाटलं मला. मला वाटलं, मी येण्याआधीची मम्मी वेगळी असेल. खरं सांगू? हेवा वाटला तुझा. म्हटलं, हिला तेवढं तरी मिळालं." मग काहीतरी आठवून तो म्हणाला, "एक मात्र तेव्हाही खटकलं. तू जूनमध्ये आलीस ना? मम्मी सांगायची, नेमका उकाडा होता, तुला आणायला गेली तेव्हा तिच्या बुटांत घाम झाला होता."

"ती तुझ्याशी बोलायची हे?"

"बोलायची कुठली? शिवता शिवता पुटपुटायची. तिच्याकडून ऐकायचं म्हणजे मशीन थांबायची वाट बघत बसायचं. पण एक सांगतो एव्ही, माझे शाळेचे कोट आठवतात? सगळ्या पोरांचे कोट खांद्यावरून लोंबायचे, माझा कधी नाही. आणि बाईनं मला कधी उभं करून मोजलं नाही. मी झोपलेलो असताना दारात उभी राहून बघायची, झालं. बसमध्ये माणूस चढला की म्हणायची, याचा डावा खांदा उतरलाय, याला रेडीमेड बसायचा नाही. आम्ही शरमेनं मरायचो. तुला नाही आठवत?"

आठवत होतं. जून. तिनं फोन ठेवला आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिली. इतकं एकटं तिला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं, आणि त्याची तिला लाजही वाटली, कारण गेलं काय होतं? एका मैत्रिणीची वस्तू चुकून आपल्या घरी राहिली होती, ती परत करायची, एवढंच. तिला बर्निसचा राग आला. मेलेल्या बाईचा राग येणं सोपं असतं. तुला आई होती, आणि तू ती हौदाच्या काठावर बसून वाटून टाकलीस, कारण तुझ्याकडे भरपूर होतं.

हॉलच्या पायरीवर फोलाके बसली होती, कागदात गुंडाळलेली मांसाची पॅटी खात, अंगावर चुरा सांडत. एव्हाडनीला बघून तिनं न विचारता अर्धी पॅटी तोडून पुढं केली. "माझ्या जिभेला हाड नाही," ती म्हणाली. "जनेल येऊन मला बोलली, आंटीचा चेहरा पडलाय, तुम्ही काय म्हणालात त्यांना. या पोरी आपल्याला शिकवणार आता."

"फोला, मी दिलेलं कुठलं होतं?"

"म्हणजे?"

"मी हौदावर बसून सांगितलेलं. माझ्या आईचं. मी काय दिलं होतं?"

फोलानं चघळणं थांबवलं. "थट्टा करतेयस."

"नाही गं."

"फ्रॉक," फोला म्हणाली. "फ्रॉकचा तुकडा तुझा. जनेल कालपासून ज्याच्याशी झटापट करतेय तो. अगं, तू बोललीस तेव्हा हौदाला तडा जाईल असं वाटलं, इतकी चिडलेली होतीस."

आणि मग ते आलं, दार उघडून वर आल्यासारखं नव्हे, आधीपासून आतच बसलेलं असावं तसं. स्टेशन. उकाडा. आईनं लंडनहून अंदाजानं शिवून पाठवलेला पिवळा फ्रॉक, जो तिनं हट्टानं घातला होता आणि जो तिला घट्ट होत होता, काखेत उसवला होता. आई तिच्यासमोरून निघून गेली. मग परत आली. आईनं आधी फ्रॉक ओळखला, मग तिला. पहिला शब्द काय, तर "लहान झाला." तिच्या तोंडाकडे न बघता. घरी नेऊन तिला मधल्या टेबलाशी उभं केलं, आणि ती मापं घेऊ लागली.

"तू म्हणालीस," फोला सांगत होती, "तीन वर्षांनी भेटली, आणि ही बाई नुसती मापं घेत बसली. घरात टेप नाही, वितीनं. खांदा, पाठ, कंबर. परत खांदा. परत पाठ. बाजारात बकरी बघतात तशी, म्हणालीस. शब्द न शब्द आठवतो मला. आणि तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत बर्निस म्हणाली, घेतलं. इतक्या घाईनं ती कधी म्हणायची नाही. तू कधी बघितलंच नाहीस ना तिनं काय केलं त्याचं?"

"माझे पाय बादलीत होते," एव्हाडनी म्हणाली.

फोला खो खो हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, मग तिनं ते पॅटीच्या कागदानंच पुसले. "तुझ्या आईच्या वेळी चर्चमध्ये बर्निस माझ्या शेजारी बसली होती. तू ते पायांचं सांगायला लागलीस, तशी मी तिला कोपर मारलं. म्हटलं, ऐकतेयस ना, तुझी आई चालली तिच्या आईच्या पेटीवर. तर मला म्हणाली, गप्प बस. तिनं घेतलं म्हटलं होतं ना? मग तिचंच आहे ते." फोलानं नाक ओढलं. "आणि तुला एक शब्द बोलली नाही, मरेपर्यंत."

एव्हाडनीला काय वाटावं ते कळेना. बर्निसनं आपली आई तिला देऊन टाकली होती, कायमची, बिनबोभाट, आणि त्या जागी हिच्या आईला घेऊन ती गावोगाव हिंडली होती. पण त्यानं एव्हाडनीच्या आईची पाठ वळली नव्हती. ती तिकडेच तोंड करून होती.

आत जनेल हॉलच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती, इफे तिच्यासमोर गुडघ्यांवर, लहान मुलगी दिसावी म्हणून. "आंटी एव्ही, बरं झालं आलात," जनेल म्हणाली. "मला हे हात कळत नाहीयेत. फोलाआंटी म्हणतात, मापं परत परत घे. का पण? एकदा घेतली की झालं ना. ही बाई विसरते का? विसराळू दाखवू का मी तिला? की चिडलेली?"

"विसराळू नव्हती ती," एव्हाडनी म्हणाली.

"मग का घेते परत?"

एव्हाडनीनं कोट काढून खुर्चीवर टाकला. का ते तिला माहीत नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीला माहीत नव्हतं, आणि त्यानंतर तिनं कधी विचारलं नव्हतं. "इफे, उठ, मला दाखवू दे," ती म्हणाली, तशी कोपऱ्यातून, एव्हाना शिडीवर चढलेल्या फोलाचा आवाज आला, "एव्ही. जिचं तिनं करायचं नाही."

"करत नाहीये. नुसतं दाखवतेय."

ती इफेच्या मागं जाऊन उभी राहिली. शिवणाऱ्या बाईचं उभं राहणं तिला शोधावं लागलं नाही, ते तिच्या कमरेत होतं, जरा पुढं वाकलेलं, एक पाय मागं. तिनं वितीसाठी हात पसरला आणि अंगठा मुलीच्या एका खांद्यावर टेकवला, करंगळी मानेखाली. पोरीचं अंग कडक झालं. परक्या हाताला अंग असंच होतं. ही पोर मला ओळखत नाही, एव्हाडनीला वाटलं, आणि वाटलं ते नटीला वाटतं तसं, विचार म्हणून नव्हे, तळव्यात. माझीच आहे आणि मला ओळखत नाही. पाच वर्षांची सोडली होती. मधली वर्षं माझ्याकडे नाहीत, ती या खांद्यांत गेली आहेत, आणि मी ती फ्रॉकमध्ये धरली नव्हती. हिला कवटाळलं तर घाबरेल. नाव घेऊन हाक मारली तर आवाज फुटेल. करंगळीजवळ अंगठा आणून तिनं दुसरी वीत टाकली. दुसरा खांदा. मग पाठीच्या कण्यावरून खाली, एक, आणि अजून थोडं. मापाच्या निमित्तानं हात टेकला तर कोणी काही म्हणत नाही. मुलगीही नाही. कमरेशी माप संपलं. फ्रॉकला याहून जास्त काही लागत नाही. लागणारं सगळं तर स्टेशनवरच, पहिल्या नजरेत, कळलं होतं. आता हात काढून घ्यायला हवा होता. जनेल वाट बघत होती. पोरीचं अंग अजून कडकच होतं, पण मघाइतकं नाही.

खांदे, पाठ, कंबर, तिन्ही मापं एव्हाडनीला तोंडपाठ होती. तिनं हात उचलला आणि पुन्हा खांद्यापासून सुरुवात केली.